एच६१ बोर्डावरचा एक्सपी सेट : गाळ्यातल्या जुन्या मशीनसाठी घ्यावा का?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रबाळे, महापे, तुर्भेकडच्या जुन्या गाळ्यांत अजूनही अशी मशीन चालू आहेत, ज्यांचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढे कधी आलंच नाही. लाकूड कोरणारं राउटर, जुना एनग्रेव्हर, आरएस-२३२ वर (सीरियल पोर्टवर) बोलणारं तपासणीचं उपकरण. मशीन ठणठणीत असतं, जीव जातो तो त्याला जोडलेल्या कॉम्प्युटरचा. मग ठाणे स्टेशनजवळ, वाशीत किंवा थेट लॅमिंग्टन रोडला चौकशी केली की बहुतेक एकच उत्तर मिळतं: नव्या खोक्यातला एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, वापरलेला आय३, ४ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी, आणि "एक्सपी टाकून देतो, घेऊन जा." हे परीक्षण त्या सेटचं आहे.

निकाल आधीच सांगतो. मशीन पॅरलल किंवा सीरियल पोर्टवर चालत असेल तर हा सेट घ्या, यापेक्षा सोपा मार्ग आज नाही. मशीनसोबत पीसीआय कार्ड आलेलं असेल तर हा बोर्ड घेऊ नका. आणि दोन्ही बाबतीत दुकानदाराने टाकून दिलेल्या एक्सपीवर काम सुरू करू नका.

एच६१ च का, याला ठोस कारण आहे. इंटेलचा हा चिपसेट २०११ चा. त्यावर बसणाऱ्या ११५५ सॉकेटच्या प्रोसेसरमधल्या एचडी २०००, २५००, ३००० आणि ४००० ग्राफिक्ससाठी इंटेलने स्वतः एक्सपीचे ड्रायव्हर काढले. चिपसेटमध्ये फक्त यूएसबी २.० आहे आणि ते सर्व्हिस पॅक ३ ला मुळातच ओळखता येतं. पुढच्या हॅसवेल पिढीपासून ग्राफिक्सचा नेहमीचा एक्सपी ड्रायव्हर बंद झाला. २०१५ च्या १०० मालिकेपासून तर जुना यूएसबी २.० कंट्रोलरच चिपसेटमधून गेला, त्यामुळे एच११० वर इन्स्टॉलेशन सुरू झालं की यूएसबी कीबोर्ड-माउस मरतात. लोकांनी सुधारित फायली वापरून नव्या बोर्डांवरही एक्सपी चालवलं आहे, पण ज्या कॉम्प्युटरवर दिवसभराचा धंदा अवलंबून आहे तिथे असा प्रयोग नको. ११५५ सॉकेट हे जवळजवळ शेवटचं ठिकाण, जिथे सगळं अधिकृत ड्रायव्हरवर चालतं.

आता काउंटरवर काय बघायचं ते. "एच६१" एवढंच नाव पुरेसं नाही, कारण या नावाने मिळणाऱ्या बोर्डांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. काहींवर एलपीटी, म्हणजे पॅरलल पोर्टचा, हेडर (पिनांची रांग) असतो, काहींवर फक्त त्याची रिकामी जागा छापलेली असते आणि पिना बसवलेल्याच नसतात. काहींवर एनव्हीएमई एसएसडीची खाच दिसते. तिचा एक्सपीला उपयोग नाही, तिच्यासाठी जास्त पैसे देऊ नका. बोर्ड खोक्यातून बाहेर काढायला लावा आणि कडेला "एलपीटी" लिहिलेला दोन रांगांचा, २६ जागांचा हेडर प्रत्यक्ष पिनांसकट आहे का ते पाहा. एक पिन मुद्दाम गाळलेली असते, ती चूक नाही. "कॉम", म्हणजे सीरियल पोर्टचा, हेडरही असाच पाहा. मागे पीएस/२ चा गोल पोर्ट हवाच. यूएसबीचा घोळ झाला तर तोच कीबोर्ड कामाला येतो. लॅन चिप रिअलटेकची असेल तर ड्रायव्हरची चिंता नाही.

सॉकेटमधल्या पिना मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठ्या करून बघा, एखादी वाकलेली असली की एक रॅम स्लॉट मरतो किंवा सेट मधूनच बंद पडतो. प्रोसेसर वापरलेलाच मिळणार, त्याला हरकत नाही. आय३-२१०० किंवा आय३-३२२० भरपूर झाला. आय५ साठी पैसे घालवू नका, या कामाला त्याचा फायदा दिसत नाही. एच६१ चे अगदी सुरुवातीचे बोर्ड बायॉस बदलल्याशिवाय ३००० मालिकेचे प्रोसेसर घेत नाहीत, म्हणून जुना बोर्ड घेत असाल तर सेट काउंटरवरच चालू करून दाखवायला सांगा.

रॅमच्या बाबतीत ४ जीबीच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. ३२ बिट एक्सपीला त्यातलीही साधारण सव्वातीन जीबीच दिसते, ग्राफिक्सचा वाटा गेला की आणखी थोडी कमी. स्वस्त डीडीआर३ रॅममध्ये एक फसवा प्रकार फिरतो, जो फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतो. इंटेलवर तो टाकला की स्क्रीन काळीच राहते. बिलावर "इंटेल बोर्डासाठी" असं लिहून घ्या आणि घरी आल्यावर मेमटेस्ट८६+ चे किमान दोन फेरे होऊ द्या. एसएमपीएस (वीजपुरवठा) मात्र स्वस्तातला घेऊ नका. संपूर्ण सेटमध्ये पैसे वाचवायची ही सर्वांत वाईट जागा.

पॅरलल पोर्टबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक तक्रारी तिथूनच येतात. बोर्डावरच्या हेडरला लावायची पट्टी, म्हणजे २५ पिनी कनेक्टर असलेला ब्रॅकेट, बोर्डासोबत येत नाही, वेगळा मागावा लागतो. बोर्डावरच्या पोर्टचा पत्ता ३७८ असतो आणि जुनी सॉफ्टवेअर नेमका तोच पत्ता गृहीत धरतात. त्याऐवजी पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड लावलं, तर पत्ता बायॉस ठरवतो आणि तो ३७८ नसतो. माक३ सारख्या, मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या रिसोर्सेस पानावर दिसणारा पत्ता "पोर्ट्स अँड पिन्स" मध्ये भरता येतो, म्हणून तिथे कार्ड चालतं. डॉसच्या काळातून आलेल्या सॉफ्टवेअरला पत्ता बदलायची सोयच नसते, तिथे बोर्डावरचा हेडर हाच उपाय. यूएसबीला लावायची प्रिंटर केबल दोन्हींकडे निरुपयोगी. ती प्रिंटरशी बोलते, पिना थेट हलवत नाही.

व्होल्टेजही मोजा. अनेक कार्डं आणि काही बोर्ड पिनेवर ५ ऐवजी ३.३ व्होल्टच देतात. स्टेपर ड्रायव्हरचं ऑप्टो इनपुट ५ व्होल्टचं असेल, तर मशीन कधी चालतं, कधी स्टेप गाळतं, आणि दोष मोटारवर ढकलला जातो. मध्ये स्वतःचा ५ व्होल्ट पुरवठा असलेला ब्रेकआउट बोर्ड टाकला की हा प्रश्न मिटतो. केबल शील्डची, शक्यतो दोन मीटरच्या आत, आणि स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीच्या वायरपासून लांब.

कॉम पोर्टच्या ब्रॅकेटमध्ये एक सापळा आहे. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या ब्रॅकेटमध्ये आतल्या वायरिंगच्या दोन पद्धती असतात. चुकीचा लागला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट निरोगी दिसतो, पण उपकरण एक अक्षर पाठवत नाही. तपासणी सोपी आहे: बाहेरच्या ९ पिनी कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना वायरने जोडा, हायपरटर्मिनल उघडा, फ्लो कंट्रोल बंद ठेवा आणि टाइप करा. अक्षरं परत उमटली तर ब्रॅकेट बरोबर, नाहीतर बदलून आणा. त्यानंतरच बॉड रेट आणि पॅरिटीच्या मागे लागा. बरीच जुनी मशीन ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटीवर चालतात, तर एक्सपीमध्ये ८ आणि नन हे आधीपासून भरलेलं असतं.

पीसीआय कार्डवाल्यांना हा बोर्ड नको म्हणतो त्याचं कारण असं. एच६१ चिपसेटमध्ये पीसीआय बस नाहीच. बोर्डावर पीसीआय खाच दिसली तर ती मधल्या ब्रिज चिपवर चालते. त्यांतली एएसएम १०८३ ही चिप इंटरप्ट, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक, अडकवून ठेवण्यासाठी लिनक्सवाल्यांत कुप्रसिद्ध आहे. साधं साउंड कार्ड यावर निभावून जाईल, पण मोशन कंट्रोल किंवा डेटा घेणाऱ्या कार्डाला नेमक्या वेळेला इंटरप्ट लागतो. अशांनी क्यू६७, क्यू६५ किंवा बी७५ चिपसेट शोधावा, त्यांच्यात पीसीआय मुळातच आहे. ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड टॉवर सेट क्यू६७ वर मिळतात आणि त्यांची बांधणी नव्या खोक्यातल्या एच६१ पेक्षा सरस असते. फक्त उभा, पूर्ण उंचीचा टॉवर घ्या, बारक्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही. बी७५ घेतला तर बायॉसमध्ये एक्सएचसीआय (यूएसबी ३.०) बंद करा, म्हणजे निळे यूएसबी पोर्टही २.० म्हणून चालतील. इंटेलने त्यांच्यासाठी एक्सपीचा ड्रायव्हर कधी काढलाच नाही.

सेट चांगला असला तरी दुकानातलं एक्सपी बहुतेकदा वाईट असतं. दुसऱ्याच बोर्डावर बनवलेली तयार इमेज दहा मिनिटांत उतरवली जाते, तिच्यात जुन्या बोर्डाचे ड्रायव्हर, चोरीचे लायसन्स नंबर आणि काय काय येतं सांगता येत नाही. स्वतःचं लायसन्स असलेली सर्व्हिस पॅक ३ ची सीडी वापरा. ब्रँडेड सेटसोबत आलेली सीडी त्या कंपनीच्या बायॉसची खूण शोधते, दुसऱ्या बोर्डावर ती ॲक्टिव्हेशन मागते, हे आधीच लक्षात घ्या.

बायॉसमध्ये तीन गोष्टी: बूट मोड लेगसी, साटा (डिस्कच्या जोडणीचा) मोड आयडीई, पॅरलल पोर्ट ईपीपी. साटा एएचसीआय या नव्या पद्धतीवर राहिला तर एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नसतो आणि सेटअप सुरू होताच निळी स्क्रीन येते, एरर नंबरच्या शेवटी ७बी असलेली. सीडीत ड्रायव्हर मिसळून एएचसीआयवरही टाकता येतं, पण या कामाला आयडीईचा वेग पुरतो.

एसएसडीचं पार्टिशन एक्सपीच्या सेटअपमधून करू नका. एक्सपी पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं, म्हणजे ३२,२५६ बाइटवर, आणि ४,०९६ ने त्याला पूर्ण भाग जात नाही. मग प्रत्येक लिखाण एसएसडीच्या दोन पानांवर पसरतं, ती मंद होते आणि लवकर झिजते. आधी जीपार्टेड लाइव्हच्या सीडीवरून एमएस-डॉस प्रकारचं टेबल करा, १ मेगाबाइटवर अलाइन केलेलं ६० जीबीचं एनटीएफएस पार्टिशन बनवा आणि बाकीची जागा रिकामी सोडा. एक्सपीला ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा एसएसडीला कळवण्याची सोय, माहीत नाही, म्हणून ही रिकामी जागाच एसएसडीला श्वास घ्यायला ठेवायची. सेटअपमध्ये तेच पार्टिशन निवडून "आहे तशी फाइल सिस्टिम ठेवा" हा पर्याय घ्या.

ड्रायव्हरचा क्रम चिपसेट, ग्राफिक्स, लॅन, साउंड. चिपसेटनंतरही "पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर" वर पिवळी खूण राहील. ते इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन आहे, खूण तशीच राहू दिली तरी मशीनला काही होत नाही. इंटेलने जुन्या उत्पादनांचे बरेच ड्रायव्हर आपल्या साइटवरून काढून टाकले आहेत, म्हणून जमवलेले सगळे ड्रायव्हर सीडीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला पाकिटात चिकटवा. कुठलंही नवं ग्राफिक्स कार्ड लावायचा मोह टाळा. लागलंच तर जीटी ७३० पर्यंत थांबा, जीटीएक्स १००० मालिकेला एक्सपीचा ड्रायव्हर नाही.

आता सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ खाणारा बिघाड. रात्री वीज गेली, सकाळी सेट चालू केला आणि ७बी ची निळी स्क्रीन. एसएसडी गेली म्हणून दुकानात नेतात, तिथे फॉरमॅट होतो, सॉफ्टवेअरची सेटिंगं जातात, मशीनचे पॅरामीटर जातात. खरं कारण पुष्कळदा बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी असते. वापरून दमलेली बॅटरी वीज गेल्यावर बायॉसची सेटिंगं धरून ठेवत नाही, साटा मोड पुन्हा एएचसीआयवर जातो, आणि आयडीईवर बसवलेलं एक्सपी बूट होत नाही. खूण ओळखायला सोपी: बायॉसमधली तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. बॅटरी बदला, तारीख दुरुस्त करा, साटा पुन्हा आयडीईवर आणा, सगळं होतं तसं चालू होतं. नव्या खोक्यातल्या बोर्डाचीही बॅटरी ताजी असेल असं धरू नका, मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. २.७ दिसली तर तिथेच बदला.

माक३ वर चालवणाऱ्यांसाठी एवढं. पॅरलल पोर्टचा त्याचा ड्रायव्हर फक्त ३२ बिट विंडोजवर चालतो. एका पोर्टवर १२ आउटपुट आणि ५ इनपुट मिळतात, लिमिट स्विच मोजताना हे ध्यानात ठेवा. २५ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २५,००० पल्सवर, सुरुवात करा. स्टेपर १/८ मायक्रोस्टेपवर म्हणजे फेऱ्याला १,६०० पल्स, आणि स्क्रूची पिच ५ मिलिमीटर असेल, तर मिलिमीटरला ३२० पल्स लागतात. २५,००० भागिले ३२० म्हणजे सेकंदाला ७८ मिलिमीटर, मिनिटाला साधारण ४,६८० मिलिमीटर. त्याहून जास्त वेग मागितला तर कॉम्प्युटर देऊच शकत नाही. १/१६ केलंत तर तो निम्मा होतो. ड्रायव्हर टेस्टमधली रेघ सपाट येईपर्यंत बायॉसमधले सी-स्टेट, सी१ई, स्पीडस्टेप आणि हायपरथ्रेडिंग एकेक करून बंद करा. मग विंडोजमधून लॅन आणि साउंड डिसेबल करा. मशीन चालू असताना अँटिव्हायरसचं स्कॅन किंवा स्क्रीनसेव्हर नको. जुन्या सल्ल्यांमध्ये "स्टँडर्ड पीसी" हॅल, म्हणजे विंडोजचा हार्डवेअरशी बोलणारा थर, टाकायला सांगितलेलं आढळतं. या बोर्डांवर ते करू नका. एकच कोर उरतो, सगळी उपकरणं मोजक्या इंटरप्टवर दाटीवाटी करतात आणि फायदा होत नाही.

इंटरनेटला हा सेट जोडायचाच नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यानंतर वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या वेळी मे २०१७ मध्ये आणि पुन्हा मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून दुरुस्त्या दिल्या: केबी ४०१२५९८ आणि केबी ४५००३३१. त्या दोन्ही टाका, पण त्या भरवशावर नेट चालू करू नका. डिझाइनच्या फायली पेनड्राइव्हने न्या, ऑटोरन बंद करून. पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. ६४ जीबीचा बहुधा एक्सफॅटमध्ये येतो आणि केबी ९५५७०४ नसेल तर एक्सपी तो फॉरमॅट करायला सांगतं. घाईत "हो" म्हटलं की फायली गेल्या. ऑफिसच्या विंडोज १० वर एसएमबी१ ही फाइल-शेअरिंगची जुनी पद्धत चालू करून दोघांना नेटवर्कवर जोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. वॉनाक्राय त्याच वाटेने पसरला होता.

गाळ्यातली हवा वेगळा शत्रू. एमडीएफचा भुसा हीटसिंकच्या पात्यांत बसून गोधडीसारखा थर धरतो आणि पावसाळ्यात ओल खाऊन घट्ट होतो. कॅबिनेट मशीनच्या टेबलाखाली ठेवू नका, भिंतीवर उंच, पुढे धुण्याजोगी जाळी लावून ठेवा. साफ करायला कारखान्याचा काँप्रेसर वापरू नका. त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि त्या झोताने पंखा बेफाम फिरून बेअरिंग जातं. साधा ब्लोअर घ्या, पंखा बोटाने धरून ठेवा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टहून जास्त दिसत असेल तर आधी वायरमनला बोलवा, कारण अशा अर्थिंगवर पॅरलल पोर्ट जळतात आणि बोर्डाचा दोष काहीच नसतो. ६०० व्हीएचा यूपीएस लावा, पण त्यावर फक्त कॉम्प्युटर आणि मॉनिटर, स्पिंडल कधीच नाही.

तुमचं सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या ३२ बिटवर चालत असेल, तर याच बोर्डावर तेच टाका. आधार त्याचाही १४ जानेवारी २०२० ला संपला आहे, पण एएचसीआय, ट्रिम आणि पार्टिशनची बरोबर सुरुवात ही तिन्ही डोकेदुखी तिथे नाही. माक३ त्यावर चालतं. फक्त यूएसबी डोंगल किंवा सीरियल पोर्ट लागणारं सॉफ्टवेअर असेल तर नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीनमध्येही भागतं. पॅरलल पोर्टवरून पल्स सोडणाऱ्याला मात्र तो मार्ग बंद आहे, मध्ये दुसरी विंडोज आली की वेळेचा नेम राहत नाही.

सगळं जुळून मशीन दोन दिवस नीट चाललं की क्लोनझिलाने एसएसडीची पूर्ण प्रत त्याच आकाराच्या दुसऱ्या एसएसडीवर काढा, बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या, आणि ती दुसरी एसएसडी गाळ्यात नाही, घरी ठेवा.